षटकोनातली रेघ

१

कागदावरचा षटकोन पांढरा नव्हता. दारातून पाहिलं तर पांढरा वाटे, कारण भोवतीचा सगळा कागद जांभळट करडा झाला होता, मुका मार लागल्यावर कातडी होते तसा. जवळ गेल्यावर षटकोनावरही गुलाबी रंगाची अगदी पातळ झाक दिसे. खरी कोरी होती ती त्यातून तिरकी गेलेली बोटभर रुंदीची एक रेघ. षटकोनाच्या कडा सुरीने कापल्यासारख्या नेमक्या होत्या. रेघेच्या कडा मात्र भोवतालात विरून गेल्या होत्या.

फौजदारबाई डार्करूमच्या टेबलावर वाकून पाहत राहिल्या.

"बाई," मागून हवालदार खाकरले, "माणूस इकडे पडलाय."

"पाहिला. तो आता बदलणार नाही. हा बदलतोय."

टेबलाखाली फोटोच्या कागदाची एक रिकामी काळी पिशवी पडली होती. त्यांनी कागद कडेने उचलून तिच्यात सरकवला आणि तोंड दुमडून बंद केलं. हवालदारांनी काही विचारलं नाही. बाई रसायनशास्त्र शिकून पोलिसात आल्या होत्या आणि ते वेड अजून गेलं नव्हतं, एवढं त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

घर साधंच होतं. पुढे फोटो स्टुडिओ, मागे राहायच्या खोल्या, मधून एक अरुंद बोळ. बोळाच्या एका टोकाला डार्करूम, दुसऱ्या टोकाला मागचं दार. डार्करूमच्या उंबऱ्याबाहेर किल्लीवाला पालथा पडला होता. गल्लीत सगळे त्याला किल्लीवालाच म्हणत. गल्लीत चोऱ्या वाढल्या तेव्हा या घराच्या मागच्या दाराचं नवं कुलूप त्यानेच बसवलं होतं, आणि आज त्याच कुलपाच्या जादा किल्लीने तो भर दुपारी आत शिरला होता. किल्ली अजून कुलपात लटकत होती. त्याच्या उजव्या मुठीत दोन किलोचं षटकोनी लोखंडी वजन होतं, बोटं कडीत अडकलेली. जवळच कॅमेऱ्याचा जुना लाकडी स्टँड आडवा पडला होता.

घरमालक, गल्लीतले फोटोवाले, स्टुलावर बसले होते. चेहरा कागदासारखा झालेला.

"मी आत प्रिंट काढत होतो," ते म्हणाले. पाठ केल्यासारखं म्हणाले. "हा दार उघडून आत आला. लाल दिव्यात दिसलं, टेबलावरचं वजन उचललंन. माझ्यावर उगारलंन. कोपऱ्यात स्टँड होता, तो घेतला आणि घातला. दोनदा. हा मागच्या मागे बाहेर पडला. मग मी आतली ट्यूब लावली आणि लगेच तुम्हाला फोन केला."

"लगेच?"

"लगेच."

चौकी गल्लीच्या तोंडाशीच होती. फोन आला आणि पोलीस घरात पोचले, यात काही अंतर नव्हतंच.

"या दाराला आतून कडी दिसतेय."

"आहे, पण लावत नाही कधी. बाहेरचा लाल दिवा पेटलेला असला की घरातलं कोणी दाराला हात लावत नाही. सवयच आहे आम्हाला."

"घरात आणखी कोण होतं?"

"बायको स्वयंपाकघरात. आणि नाना, माझे वडील. पुढच्या खोलीत झोपले होते."

नाव निघायला आणि नाना यायला एकच गाठ पडली. काठी टेकत ते बोळात आले. धुतलेला सदरा, नीट विंचरलेले केस. मृताकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बाईसाहेब, उभा जन्म कोर्टात कारकुनी केली मी," ते म्हणाले. "घरात शिरलेल्याला मारणं हा गुन्हा नाही. हे तुम्हाला मी सांगायला नकोच."

"नकोच. पण कायदा त्यात एक गोष्ट विचारतो, नाना."

"कोणती?" नानांना चष्मा पुसायचा होता. त्याला दोन्ही हात लागत. त्यांनी काठी जवळच्या दुसऱ्या, रिकाम्या स्टुलावर आडवी ठेवली.

"कधीपर्यंत," फौजदारबाई म्हणाल्या.

नानांचे हात चष्म्यावर क्षणभर थांबले.

२

सुनेला फौजदारबाईंनी स्वयंपाकघरात गाठलं. ती नळाखाली हात धूत उभी होती. ओट्यावर पाण्याने भरलेलं एक भांडं होतं, काठोकाठ. बाकी सगळा ओटा कोरडा.

"तुम्ही इथेच होतात?"

"हो."

"काही ऐकलंत?"

"नळ चालू होता."

"आता बंद करा. पाणी फुकट चाललंय."

तिने नळ बंद केला आणि हात पाठीमागे नेले. पण त्याआधी बाईंनी पाहून घेतलं होतं. बोटांची टोकं तपकिरी, नखांच्या कडा पिवळ्या. सारखं फोटो धुण्याच्या औषधात हात घालणाऱ्याची बोटं. शिवाय व्हिनेगरसारखा एक वास, जो साबणाने जात नाही. फोटोवाल्यांची बोटं त्यांनी मघाशीच पाहिली होती. स्वच्छ, कोरडी.

"प्रिंट तुम्ही काढता ना?"

तिने पाठीमागचे हात पदरात गुंडाळले.

"जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून हाताने प्रिंट काढणारी एक बाई या गल्लीत आहे, असं ऐकून होते. छान काढते म्हणतात."

"आज ह्यांनी काढायला घेतली होती." तिचा आवाज इतका बारीक झाला की शेवटचा शब्द नुसता ओठांवर दिसला.

"हे भांडं कोणासाठी भरलंत?"

तिने भांड्याकडे पाहिलं, जणू ते आत्ताच तिथे आलं होतं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बोळातून काठीची ठकठक ऐकू आली, आणि ते तोंड मिटलं.

"मला जरा... विचार करून सांगते," ती म्हणाली.

"सांगा. पण फार उशीर करू नका. काही गोष्टी उजेडात राहिल्या की बदलतात."

ते वाक्य ऐकून ती दचकली. प्रिंट काढणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा जो अर्थ लागेल, तोच तिला लागला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीने निकाल देऊन टाकला होता. वाणी म्हणाला, फोटोवाल्याने धडा शिकवला. शिंपी म्हणाला, असाच पाहिजे माणूस. मोठ्या साहेबांचा फोन आला तोही त्याच सुरात.

"स्वसंरक्षण आहे, बाई. चोराच्या हातात वजन होतं. कशाला ताणता? उद्यापर्यंत अहवाल द्या आणि मोकळ्या व्हा."

"उद्यापर्यंत देते," बाई म्हणाल्या. काय देणार ते म्हणाल्या नाहीत.

शवागारातली डॉक्टर त्यांच्या वर्गातली मैत्रीण होती. फालतू बोलायची सवय दोघींनाही नव्हती.

"दोन घाव," डॉक्टर म्हणाली. "पहिला उजव्या कानामागे. लांबट, गोल दांडक्याचा. भोवती चांगली सूज आहे, रक्त साकळलंय. म्हणजे त्यानंतर तो बराच वेळ जिवंत होता. दुसरा डोक्याच्या मधोमध. तो जीवघेणा. त्याच्याभोवती सूज नाही. यायला सवडच मिळाली नाही."

"पाठोपाठ मारले असतील?"

"मुळीच नाही. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये याचं शरीर आपलं काम करत होतं. मेलेल्याला सूज येत नाही, हे तुला मी शिकवायला हवं का?"

"आणि दुसराही दांडक्याचाच?"

डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. "त्याला कोपरा आहे."

हवालदार बाहेर वाट पाहत होते. बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"कोपरा म्हणजे... ते वजन? पण बाई, ते तर त्याच्याच मुठीत होतं! स्वतःच्या डोक्यात कोण घालून घेतं?"

"त्याच्या खिशात काय काय सापडलं, आठवतंय?"

"कानस, स्क्रूड्रायव्हर, एक छोटी हातोडी."

"ज्याच्या खिशात हातोडी आहे, तो दुसऱ्याच्या टेबलावरचं वजन उचलायला जाईल का? आणि दिसेल का त्याला? भर उन्हातून आत आलेला माणूस लाल दिव्याच्या खोलीत आंधळाच असतो. काळ्या टेबलावरचं काळं लोखंड त्याला चाचपडून शोधावं लागलं असतं."

"म्हणजे फोटोवाला खोटं बोलतोय." हवालदारांचा आवाज पडला. त्यांनाही फोटोवाले आवडले होते. "मागून कानशिलात घातलीन, आणि मग पडलेल्याला ठेचलंन. मग हा खूनच की."

"अजून एक दार बघायचं राहिलंय," बाई म्हणाल्या.

४

डार्करूमचं दार बाहेर उघडणारं होतं. बाई आतल्या कडीसमोर उकिडव्या बसल्या आणि विजेरी तिरकी धरली.

"काय दिसतं?"

हवालदारांनी डोळे बारीक केले. "पांढरं काहीतरी. चुना?"

"हायपो. प्रिंट पक्की करायचं औषध. ओल्या हाताने कशालाही धरलं की सुकल्यावर असे पांढरे कण राहतात. आता टेबल बघा. नळ बघा. एक तरी डाग आहे? या घरातली प्रिंट काढणारी बाई हात पुसल्याशिवाय कशाला शिवत नाही. या कडीला मात्र शिवली."

"म्हणजे घाईत."

"जिवाच्या भीतीने. जी कडी कधी लावत नाहीत, ती काल लावली. आता कोयंडा बघा."

कोयंड्याचे स्क्रू अर्धे उपटून आले होते. भोवतीचं लाकूड ताजं, पिवळं फाटलं होतं. बाहेरून कोणीतरी सगळ्या ताकदीने दार ओढलं होतं.

हवालदार हळूहळू बोलू लागले, एकेक पायरी चाचपत. "सूनबाई आत होत्या. किल्लीवाल्याला वाटलं कॅमेरे इथे असतील. दार ओढायला लागला. आतून त्यांनी कडी लावली, ओरडल्या असतील. तरी तो ओढतोच आहे. तेवढ्यात पुढून नवरा आला..."

"आणि त्याला काय दिसलं?"

"बायको आत, बाहेर चोर, दार उखडत चाललेलं." हवालदार उठून उभे राहिले. "आणि चोराची पाठ त्याच्याकडे! म्हणून घाव मागून बसला. बाई, हे तर सरळ आहे! घरात शिरलेला माणूस बायकोपर्यंत पोचतोय, तेव्हा मारलं. यात गुन्हा कुठे आहे?"

"गुन्हा नाहीच. तो घाव मी उद्याच्या अहवालात जसा आहे तसा लिहीन आणि खाली सही करीन. चोराच्या हातात काही असायलाच हवं असंही नाही. भीती खरी होती, आणि मारलं ते भीती असताना."

"मग सुटला बिचारा!"

"पहिल्या घावापुरता."

हवालदारांचा चेहरा पुन्हा उतरला. बाई उठल्या, गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"ज्या घावाबद्दल खोटं बोलायची गरजच नव्हती, त्याच्यासाठी या लोकांनी एवढं कुभांड रचलं. का रचलं, ते त्या काळ्या पिशवीत आहे. दुपारी घरातल्या तिघांनाही इथे बोलवा. आणि चौकीतून आणखी दोघे बाहेर उभे करा."

"कोणाला न्यायचंय?"

"ते मलाही त्यांच्याकडूनच ऐकायचंय."

५

डार्करूममध्ये पाच माणसं म्हणजे दाटीच. नाना खुर्चीवर, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. फोटोवाले भिंतीला टेकून. सून टेबलाजवळ, नेहमीच्या जागी. हवालदारांनी दार अडवलं होतं. दिवा लालच होता, त्यामुळे कोणाचा चेहरा पडला आहे हे कळत नव्हतं. सगळेच एका रंगाचे.

"नेहमी कागद कसा ठेवता, तो तसा ठेवा," बाई सुनेला म्हणाल्या.

तिने खोक्यातून एक ताव काढला, टेबलावर उताणा ठेवला आणि त्यावर षटकोनी लोखंडी वजन ठेवलं. कालच्याच्या जोडीतलं.

"वजन कशाला?" हवालदारांनी विचारलं.

"कागद वळतो. लागेल तेवढी पट्टी कापून घ्यायची आणि उरलेल्यावर हे ठेवायचं," ती म्हणाली. कामाबद्दल बोलताना तिचा आवाज पहिल्यांदाच सरळ आला.

बाईंनी ट्यूब लावली. सगळ्यांनी डोळे मिटले.

"आता थांबायचं," बाई म्हणाल्या.

काही होत नव्हतं. पांढरा कागद पांढराच होता. नानांनी घसा साफ केला.

"बाईसाहेब, हा काय पोरखेळ लावलाय? कायद्यात असं काही बसत नाही."

"बसत नाही. पण कागदाला कायदा शिकवता येत नाही, नाना. त्याला एवढंच येतं, उजेड पडला की काळवंडायचं. जिथे उजेड नाही तिथे कोरं राहायचं."

फोटोवाले कागदाकडे पाहत नव्हते. पाहायची गरज नव्हती. तरुणपणापासून हाच धंदा. काल हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, हाच विचार बहुधा त्यांच्या डोक्यात चालला असावा.

कागदावर आधी पिवळसर, मग फिकट गुलाबी झाक आली. सगळे पाहत होते, आणि पाहताना तो वेळ किती लांब असतो ते कळत होतं. बाहेर एक रिक्षा येऊन थांबली, माणसं उतरली, सुट्ट्या पैशांवरून वाद झाला, मिटला, रिक्षा गेली. कागद अजून जांभळा व्हायचा होता.

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे," बाई फोटोवाल्यांना म्हणाल्या, "चोराने वजन उचललं ते लाल दिव्यात. ट्यूब तुम्ही नंतर लावलीत. मग कागद सगळा एकसारखा रंगायला हवा होता. त्यावर षटकोन उमटलाच नसता." त्यांनी काळ्या पिशवीतून कालचा ताव अर्धा बाहेर काढून दाखवला आणि पुन्हा आत सारला. "उमटलाय. म्हणजे ट्यूब लागली तेव्हा वजन टेबलावरच होतं. आणि बराच वेळ होतं. हा कागद अजून त्या रंगाला पोचला नाही, बघा. आपण इथे बसून कंटाळलो. किल्लीवाला तेवढा वेळ बाहेर पडून होता. रिकाम्या हाताने. जिवंत."

सुनेने टेबलाची कड धरली.

"मारलं मीच," फोटोवाले एकदम म्हणाले. "दोन्ही मीच. तो उठायला लागला, मी घाबरलो, वजन घेतलं आणि घातलं. मग त्याच्या हातात दिलं. बस्स. लिहून घ्या."

"नक्की?"

"नक्की."

"मग वजन उचलून दाखवा."

फोटोवाल्यांनी एका हाताने वजन उचललं. कागदावर षटकोन होता, लख्ख पांढरा, कडा नेमक्या.

"आता हा षटकोनही उजेडात आला. थोड्या वेळात याच्यावरही गुलाबी झाक येईल. कालच्यावर आलीय. पण कालच्या षटकोनात मधून एक रेघ आहे, तिच्यावर काहीच आलं नाही." बाई सावकाश बोलत होत्या. "म्हणजे वजन उचलल्याबरोबर त्या जागेवर दुसरं काहीतरी आडवं ठेवलं गेलं, आणि ते आम्ही येण्याच्या जरा आधीपर्यंत तिथेच होतं. लांब, सरळ, बोटभर जाडीचं. त्याच्या सावलीच्या कडा धूसर आहेत. म्हणजे सपाट नाही. गोल."

फोटोवाल्यांनी हातातलं वजन टेबलाच्या कडेला ठेवलं.

"तुम्ही एका हाताने वजन उचललंत. तुमची बायको रोज एका हाताने उचलते. ज्याला दोन्ही हात लागतात, त्याला आधी हातातलं काहीतरी खाली ठेवावं लागतं." बाई वळल्या. "नाना, तुमची काठी जरा द्याल?"

नानांची बोटं काठीवर आवळली.

६

काठी त्यांनी दिली नाही. बाईंनीही हात पुढे केला नाही.

"मी झोपलो होतो," नाना म्हणाले.

"नाना झोपले होते," फोटोवाले म्हणाले. "काठी मी आणली. मीच ठेवली इथे. बाई, मी कबूल करतोय ना! आणखी काय हवंय तुम्हाला?"

"मग नीट ऐका." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पहिल्या घावासाठी मी तुम्हाला हात लावणार नाही. तो तुमच्या घराने तुम्हाला दिलेला हक्क होता. दुसऱ्यासाठी नेते. तो पडला, त्याच्या हातात काही नव्हतं, तुमची बायको सुखरूप बाहेर आली होती. तिथे तुमचा हक्क संपला. त्यापुढे तो चोर नव्हता, जखमी माणूस होता. चला."

हवालदार दारातून बाजूला झाले. फोटोवाले भिंतीपासून सुटले. एक पाऊल टाकून त्यांनी वडिलांकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

नाना कागदाकडे पाहत होते.

"सुटशील," ते म्हणाले. मुलाकडे न बघता. "घरात शिरला होता तो. कुठलंही कोर्ट सोडील. मी पाहिलंय असले खटले. मुडदा साक्ष देत नाही. जिवंत राहिला असता तर तोच फिर्यादी झाला असता, आणि तू आरोपी. वर्षानुवर्षं खेटे घातले असतेस."

"नाना," बाई हलकेच म्हणाल्या, "'राहिला असता तर' हे झोपलेल्या माणसाला कसं कळलं?"

नानांना स्वतःचा शब्द ऐकू आला होता. पण चूक सुधारायची कशी हे कारकुनाला ठाऊक असतं. "तुम्हीच सांगितलंत मघाशी, जिवंत होता म्हणून," ते म्हणाले. "आणि रेघ म्हणाल, तर रेघ बोलत नाही. माणूस लागतो बोलायला. या घरातला कोणी बोलणार नाही."

ते खरं होतं. बाईंना ठाऊक होतं. कागदावरची रेघ त्यांना पटली होती. न्यायाधीशाला पटेलच असं नव्हतं. काठी मुलाने ठेवली म्हटलं की संपलं. मुलगा आत जाईल, म्हातारा आरामखुर्चीत बसेल, आणि गल्ली दोघांसाठीही हळहळेल.

त्या सुनेकडे वळल्या.

"तुम्हाला बोलायची सक्ती नाही. एकच विचारते. हा कागद तुम्हाला कळतो. इथल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतो. वजनाच्या जागी काठी दिसली तेव्हाच तुम्हाला माहीत होतं की यावर काय उमटणार. आम्ही येण्याआधी तो फाडून चुलीत घातला असतात, तर मला काहीही कळलं नसतं. का नाही फाडलात?"

टेबलावरच्या ताज्या कागदावर षटकोन गुलाबी व्हायला लागला होता.

"सूनबाई, तू आत जा," नाना म्हणाले. "स्वयंपाकघरात जा. बाईमाणसाचं काम नाही इथे."

"काल पण तेच म्हणालात," ती म्हणाली.

खोलीत कोणीतरी दुसरंच बोलल्यासारखे सगळे तिच्याकडे वळले.

"मी दार उघडून बाहेर आले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. मीच ट्यूब लावली. कागद उघडा असताना मी जन्मात कधी ट्यूब लावलेली नाही." ती नवऱ्याकडे पाहून बोलत होती. "हे फोन करत होते. नानांनी फोन काढून घेतला. म्हणाले, आधी विचार करू. विचारच करत राहिले. ह्यांना म्हणाले, पुढचं दार लावून ये, कोणी येईल. मग तो म्हणाला, वहिनी, चुकलं माझं, पाणी द्या. नाना म्हणाले, जा, आण पाणी. स्वयंपाकघरात जा."

"गप्प बस," नाना म्हणाले.

"मी भांडं भरून परत आले, तर..." ती थांबली. तपकिरी बोटांनी तिने टेबलाची कड पुन्हा चाचपली. "तर भांडं तसंच घेऊन मागे फिरले. ओट्यावर ठेवलं. अजून तिथेच आहे. मला ओतून देववत नाही."

फोटोवाले खाली बसले. भिंतीवरून घसरतच बसले. आपण पुढच्या दाराशी असताना मागे काय झालं, हे त्यांना कालपासून ठाऊक होतं. पण आज पहिल्यांदा कोणी ते शब्दांत मांडलं होतं.

"अगं, घर आहे हे आपलं," नाना म्हणाले. आता त्यांचा आवाज म्हातारा झाला होता. "घरासाठीच केलं ना मी? माझ्या मुलासाठी?"

"तुमचा मुलगा आत्ता तुमच्यासमोर उठून तुरुंगात निघाला होता, नाना. तुम्ही कागद बघत होतात."

काठी त्यांच्या गुडघ्यांमधून निसटली आणि फरशीवर पडली. कोणी उचलली नाही.

फौजदारबाई वाट पाहत होत्या. एवढ्याने भागणार नव्हतं. खोलीत बोललेलं खोलीतच राहतं. उद्या सकाळी ते नाही म्हणता येतं. आणि नाही म्हणायला लावणारी दोन माणसं इथेच बसली होती, एक बापावरच्या प्रेमाने, दुसरं स्वतःच्या भीतीने.

"हे तुम्ही कोर्टात सांगाल?" त्यांनी विचारलं. "यांच्या देखत?"

तिने हात लांबवून आधी ट्यूब बंद केली. टेबलावरचा कागद जिथल्या तिथे थांबला. लाल दिव्यात पुन्हा सगळे चेहरे एका रंगाचे झाले, आणि त्या रंगातून तिचा आवाज आला, कामाबद्दल बोलताना यायचा तसा, सरळ.

"सांगायचं होतं म्हणूनच कागद फाडला नाही," ती म्हणाली. "मी साक्ष देणार आहे."